निर्बंध उठवण्याचे कलम



२ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेच्या सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडीत काढला. प्रतिनिधिगृहाने तीन दिवस आधी ३१३ विरुद्ध ८३ मतांनी तेच केले होते. त्या वेळी सिनेटमध्ये बहुमत रोनाल्ड रेगन यांच्या रिपब्लिकन पक्षाचेच होते. परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष रिचर्ड लुगार हेही त्याच पक्षाचे, आणि नकाराधिकाराविरुद्ध मते उभी करण्यात तेच पुढे होते. अशा रीतीने दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारवर आर्थिक निर्बंध घालणारा 'सर्वंकष वर्णभेदविरोधी कायदा' अमलात आला. ज्या देशात गांधीजींनी सत्याग्रहाचे शस्त्र घडवले, त्या देशाविषयीचा हा निर्णय गांधी जयंतीच्या दिवशी व्हावा, हा योगायोगच. पण भारतीय माणसाने तो लक्षात ठेवावा असा आहे. परक्या देशातील लोकशाही आणि मानवी हक्क यांसाठी एका देशाच्या संसदेने निर्बंधांचा कायदा करावा, या कल्पनेच्या यशाचे उदाहरण म्हणून आज बहुतेक वेळा हाच कायदा पुढे केला जातो. अपयशाचे उदाहरण द्यायचे असेल, तर क्यूबाचे नाव घेतात. दोन्ही कायदे एकाच संसदेने केले, दहा वर्षांच्या अंतराने केले, आणि दोन्हींच्या उद्देशिकेत स्वातंत्र्याचीच भाषा आहे. मग फरक कुठे पडला?

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर 'निर्बंध किती कडक होते' या अंगाने दिले जाते. मला ते पटत नाही. दक्षिण आफ्रिकेवरचे निर्बंध क्यूबाच्या मानाने सौम्य होते. नवी गुंतवणूक, सरकारला कर्ज, कोळसा, युरेनियम, लोखंड, पोलाद, कापड आणि शेतमाल यांची आयात, क्रुगररँड ही सोन्याची नाणी, साउथ आफ्रिकन एअरवेजची अमेरिकेतील उड्डाणे या सगळ्यांवर बंदी आली; पण हिरे, नाण्यांव्यतिरिक्तचे सोने आणि अमेरिकी उद्योगांना लागणारी मोक्याची खनिजे मोकळीच राहिली. रॉन डेलम्स यांनी प्रतिनिधिगृहात मांडलेली मूळ दुरुस्ती याहून फार कठोर होती. तिच्यात अमेरिकी कंपन्यांनी त्या देशातून पूर्णपणे बाहेर पडावे, अशी मागणी होती. सिनेटने ती सौम्य केली. उलट क्यूबाशी होणारा जवळजवळ सगळा व्यापार १९६२ पासून बंद आहे. कडकपणा हेच माप धरले, तर हवाना आधी बदलायला हवे होते आणि प्रिटोरिया नंतर. माझे म्हणणे असे की अशा कायद्याची पारख त्यातल्या बंदीच्या कलमांवरून करू नये. निर्बंध कोणत्या अटींवर उठतील हे सांगणारे कलम वाचावे, आणि त्या अटी पुऱ्या झाल्या की नाही हे ठरवण्यात कोणाचा शब्द चालतो, ते पाहावे.

१९८६ च्या कायद्यातील ते कलम ३११ वे. त्यात पाच अटी होत्या. नेल्सन मंडेला आणि इतर राजकीय कैद्यांची सुटका, आणीबाणी मागे घेऊन तिच्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना सोडणे, लोकशाही पक्षांवरील बंदी उठवून सर्व वंशांच्या नागरिकांना राजकारणात भाग घेऊ देणे, वस्त्या वंशानुसार वाटणारा 'ग्रुप एरियाज' कायदा आणि जन्मतःच प्रत्येकाची वांशिक नोंद करणारा कायदा रद्द करणे, आणि कृष्णवर्णीय बहुसंख्याकांच्या खऱ्या प्रतिनिधींशी पूर्वअटींविना वाटाघाटींना तयार होणे. पाचही पुऱ्या झाल्या तर निर्बंध आपोआप संपणार होते. मंडेलांची सुटका झाली, उरलेल्या चारपैकी तीन अटी पाळल्या गेल्या आणि वर्णभेद मोडण्याच्या दिशेने भरीव प्रगती दिसली, तर राष्ट्राध्यक्षांना ते स्थगित करता येणार होते. या यादीचा बारकाईने विचार करावा. तिच्यात कोणते सरकार सत्तेवर असावे, हे सांगितलेले नाही. नॅशनल पक्षाने सत्ता सोडावी, अमुक व्यक्ती मंत्रिमंडळात नसावी, अमेरिकी कंपन्यांना भरपाई द्यावी, असे काहीही नाही. प्रत्येक अट म्हणजे करता येण्याजोगी, तारखेनिशी दाखवता येण्याजोगी कृती आहे. जे सरकार छळ करत होते, त्याच सरकारच्या हातात ती कृती होती. म्हणजे कायदा दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्यांना नष्ट होण्याची अट घालत नव्हता. त्यांनी काय केले म्हणजे दार उघडेल, हे सांगत होता.

पुढचा घटनाक्रम या यादीच्या शेजारी ठेवून पाहावा. २ फेब्रुवारी १९९० रोजी फ्रेडरिक डी क्लर्क यांनी संसदेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि इतर संघटनांवरील बंदी उठवली. नऊ दिवसांनी मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेतून बाहेर आले. त्याच वर्षी आणीबाणी आधी तीन प्रांतांतून आणि मग नाताळ प्रांतातून उठली. जून १९९१ मध्ये 'ग्रुप एरियाज' कायदा आणि वांशिक नोंदणीचा कायदा दोन्ही रद्द झाले. हे सगळे अमेरिकेच्या कायद्यामुळेच घडले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्या देशातल्या लाखो माणसांच्या झगड्यावर अन्याय करणे होईल. मात्र गोऱ्या सरकारने सुधारणांचे पाऊल टाकायचे ठरवले, तेव्हा त्या पावलांची किंमत बाहेर कोण कशी चुकती करणार, हे आधीच छापील स्वरूपात ठरलेले होते. कोणत्याही राजवटीतील समझोत्याकडे झुकलेल्या माणसाला आपल्या कडव्या सहकाऱ्यांसमोर असे काहीतरी ठोस दाखवावे लागते.

आता क्यूबा. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतील निर्वासितांच्या एका संघटनेची दोन नागरी विमाने पाडली, चार माणसे मेली, आणि त्या संतापाच्या लाटेत 'हेल्म्स-बर्टन' नावाने ओळखला जाणारा कायदा तीन आठवड्यांच्या आत मंजूर होऊन १२ मार्चला त्यावर बिल क्लिंटन यांची सही झाली. तोवर क्यूबावरची व्यापारबंदी मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर उभी होती. या कायद्याने ती संसदेच्या हुकमतीत नेली. म्हणजे यापुढे कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला ती एकट्याने उठवता येणार नव्हती. उठवण्याच्या अटींची यादी इथेही आहे, आणि ती वाचताना १९८६ ची आठवण येते. राजकीय कैद्यांची सुटका आहे, सर्व पक्षांना मुभा आहे, अठरा महिन्यांत मुक्त निवडणुकांचे वचन आहे, स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे. पण तिथेच यादी थांबत नाही. नव्या संक्रमणकालीन सरकारात फिडेल किंवा राऊल कॅस्ट्रो असता कामा नये. गृहखात्याचा सुरक्षा विभाग बरखास्त झालेला असावा. पुढे निवडून आलेल्या सरकारने बाजारप्रधान अर्थव्यवस्थेकडे वाटचाल करावी, आणि अमेरिकी नागरिकांची जप्त केलेली मालमत्ता परत करण्याच्या किंवा तिची भरपाई देण्याच्या बाबतीत दिसण्याजोगी प्रगती करावी.

इथे कायद्याचे स्वरूपच पालटते. मानवी हक्कांच्या मागणीत मालमत्तेचा जुना दावा मिसळला की, समोरच्या देशातल्या सामान्य नागरिकालाही हा कायदा आपल्या मुक्ततेसाठी आहे की कोणाच्या तरी बुडालेल्या साखर कारखान्यासाठी, अशी शंका येऊ लागते. आणि त्या शंकेवर राजवट वर्षानुवर्षे पोसली जाते. शिवाय राज्यकर्त्यांनी काहीही सुधारले तरी ते स्वतः आहेत तोवर काही मिळणार नाही, असे लिहिल्यावर त्यांनी का सुधारावे? बराक ओबामा यांनी जुलै २०१५ मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जोडले, तरी व्यापारबंदी कायद्यात तशीच राहिली. फिडेल नोव्हेंबर २०१६ मध्ये वारले. राऊल यांनी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि २०२१ मध्ये पक्षाचे नेतृत्व सोडले. ज्या दोन नावांवर कायदा अडून बसला होता, ती दोन्ही अधिकृत सत्तास्थानांवरून दूर झाली. एकपक्षीय राजवट मात्र तशीच राहिली, आणि जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या माणसांना तिने तुरुंगात टाकले. व्यक्तीची नावे घालून लिहिलेल्या अटीने संस्था बदलत नाहीत, एवढे तरी यातून नक्की दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून जवळजवळ दरवर्षी या व्यापारबंदीविरुद्ध प्रचंड बहुमताने ठराव होतो, भारतही त्याच्या बाजूने मत देतो, आणि या गदारोळात क्यूबातील कैद्यांची गोष्ट मागे पडते. मला या सगळ्यात मोठे दुःख याचेच वाटते.

संपण्याचे कलम विसरले गेल्याचे आणखी एक उदाहरण आहे. सोव्हिएत संघाने ज्यू नागरिकांना देश सोडून जाऊ द्यावे म्हणून १९७४ च्या व्यापार कायद्यात 'जॅक्सन-व्हॅनिक' दुरुस्ती घातली गेली. आरंभी परिणाम उलटाच झाला. १९७३ साली सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते, १९७५ मध्ये ती संख्या सुमारे १३ हजारांवर आली. सोव्हिएत संघ विसर्जित झाला, स्थलांतर खुले झाले, ज्या कारणासाठी अट घातली ते कारणच उरले नाही. तरी रशियापुरती ही दुरुस्ती रद्द व्हायला डिसेंबर २०१२ उजाडला. मधल्या दोन दशकांत कोंबडीच्या मांसाच्या व्यापारापासून इतर अनेक तक्रारींसाठी ती हाताशी राहिली. मानवी हक्कांसाठी केलेला कायदा दुसऱ्याच कामाला लावला जातो तो असा.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा जाणकार घेईल. तो म्हणेल, दक्षिण आफ्रिकेला अमेरिकी संसदेने नव्हे, बँकांनी वाकवले. यात बरेच तथ्य आहे. १९८५ च्या उन्हाळ्यात चेस मॅनहॅटन बँकेने अल्प मुदतीच्या कर्जांना मुदतवाढ देण्याचे नाकारले आणि इतर बँका तिच्यामागे गेल्या. १५ ऑगस्टला डर्बनमध्ये पी. डब्ल्यू. बोथा यांनी सुधारणा जाहीर करण्याऐवजी ताठरपणा दाखवला, रँड कोसळला, आणि सप्टेंबरात सरकारला परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. हे सगळे कायद्याच्या एक वर्ष आधीचे. अंगोलातील युद्धाचा खर्च, सोन्याचे उतरलेले भाव, बर्लिनची भिंत पडल्यावर साम्यवादाच्या भीतीचे संपलेले भांडवल, आणि मुख्य म्हणजे १९८४ पासून वस्त्यावस्त्यांत पेटलेला उठाव, हे सगळे हिशेबात धरावेच लागेल. पण बँकांनी हात का आखडता घेतला, हेही विचारावे. नोव्हेंबर १९८४ पासून वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकी वकिलातीसमोर रोज माणसे अटक करवून घेत होती. विद्यापीठे, शहरे आणि राज्ये त्या देशाशी व्यवहार असलेल्या कंपन्यांचे भाग विकत होती. बँकांना धोका दिसला तो या दोन्ही बाजूंच्या आगीत. बँक मात्र कर्ज अडवते तेव्हा ते पुन्हा कधी देईन हे सांगत नाही. आणि सांगितले तरी ती व्याजाचा दर पाहते, मंडेलांची कोठडी पाहत नाही. बाजाराने आणलेल्या दबावाला राजकीय अर्थ आणि शेवट देण्याचे काम कायद्याने केले. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या करांची सवलत अमेरिकी कंपन्यांना नाकारली. मोबिल ही तेलकंपनी १९८९ मध्ये तिथून निघाली, त्यामागे ही तरतूद होती.

दुसरा आक्षेप आपल्याकडे अधिक ऐकू येतो: निर्बंधांनी देश वाकत नाही, स्वावलंबी होतो. अमेरिकेने अद्ययावत महासंगणक द्यायला आडकाठी केली म्हणून पुण्यात 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ती अडवणूक तंत्रज्ञान रोखण्यासाठी होती, आणि तिच्याशी झुंजणाऱ्या सरकारला देशातल्या जनतेचा पाठिंबा होता. दक्षिण आफ्रिकेनेही कोळशापासून तेल काढले, स्वतःची शस्त्रे बनवली. ते तेल महाग पडले, ती शस्त्रे आपल्याच नागरिकांच्या वस्त्यांमधून फिरली, आणि देशातली बहुसंख्य जनता त्या स्वावलंबनात सरकारच्या बाजूने नव्हती. राज्यकर्ते आणि प्रजा एका बाजूला असतील, तर बाहेरचा दबाव त्यांना जोडतो. ती एकमेकांसमोर उभी असतील, तर तोच दबाव वेगळे काम करतो.

यातूनच तिसऱ्या आणि सर्वांत अवघड आक्षेपाकडे यावे लागते. निर्बंधांचा मार गरिबाला बसतो. मार्गारेट थॅचर हे वारंवार सांगत होत्या, ते बाजूला ठेवू. पण वर्णभेदाविरुद्ध संसदेत एकाकी लढलेल्या हेलन सुझमन याही निर्बंधांच्या विरोधात होत्या, आणि झुलू नेते बुथेलेझीही. या आक्षेपाला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, कारण मार बसतोच. ब्रह्मदेशाचे पाहा. ३० मे २००३ रोजी डेपायिन येथे आँग सान स्यू ची यांच्या ताफ्यावर प्राणघातक हल्ला झाल्यानंतर अमेरिकेने जुलैमध्ये त्या देशाच्या मालाची आयात बंद करणारा कायदा केला. कपड्यांचे कारखाने बंद पडले, आणि पन्नास-साठ हजार नोकऱ्या गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच पुढे मांडला. त्या नोकऱ्या मुख्यतः तरुण मुलींच्या होत्या. लष्करी अधिकाऱ्यांना पैसा मिळत होता नैसर्गिक वायूतून. त्याला कापडाची बंदी शिवलीही नाही. बंदीचा माल निवडताना राजवटीचे उत्पन्न कुठून येते हे पाहिले नाही, की असे होते, आणि याचे समर्थन मी करणार नाही.

परंतु गरिबाला मार बसेल म्हणून निर्बंध नकोत, हे गरिबाच्या वतीने दुसऱ्यानेच ठरवणे मला मान्य नाही. १९५९ मध्ये अल्बर्ट लुथुली यांनी, दक्षिण आफ्रिकेतील भारतीय काँग्रेसचे डॉ. जी. एम. नायकर यांच्यासह, जगाला आपल्या देशाच्या मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते. कोणाची भाकरी जाणार, हे त्यांना परदेशी हितचिंतकांपेक्षा अधिक ठाऊक होते. पुढे डेस्मंड टुटू यांनी तीच मागणी केली, आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'कोसाटू' या कामगार महासंघानेही केली, म्हणजे ज्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या त्यांच्याच संघटनेने. क्यूबात असे एकमत कधीच नव्हते. हुकूमशाहीविरुद्ध जिवावर उदार होऊन सह्या गोळा करणारे ओस्वाल्दो पाया यांच्यासारखे लोकही व्यापारबंदीच्या बाजूचे नव्हते. सुझमन आणि बुथेलेझी यांचे मत आदराने ऐकावे, पण कामगार संघटना, चर्च आणि बंदी घातलेले पक्ष एका सुरात जे मागतात, त्याचे वजन निराळे असते.

अमेरिकेला हा नैतिक अधिकार कोणी दिला, असा प्रश्न उरतो. ज्या दशकात तिने प्रिटोरियावर निर्बंध घातले, त्याच दशकात तिने कितीतरी लष्करशहांना शस्त्रे दिली. हे खरे आहे आणि त्याला उत्तर नाही. तरी आपण हा प्रश्न विचारताना स्वतःचा इतिहासही आठवावा. दक्षिण आफ्रिकेने भारतीयांच्या जमीनहक्कांवर गदा आणणारा कायदा केला, तेव्हा जुलै १९४६ मध्ये, स्वतंत्र होण्याआधीच, भारताने त्या देशाशी व्यापार बंद केला. तोवर आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के भाग तिथे जात होता. संयुक्त राष्ट्रांचा ठराव येईपर्यंत आपण थांबलो नाही. उलट विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याच वर्षी तिथे हा प्रश्न उभा केला. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळला नाही. दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारासाठी एकतर्फी निर्बंध घालणे मुळातच गैर असेल, तर ते पहिल्यांदा आपण केले. ते गैर नव्हते. आज दिल्लीची भूमिका फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानण्याची आहे, तिच्यामागे सोयीची कारणे असतीलही. १९४६ चा निर्णय मात्र दिल्लीला नाकारता येत नाही.

ब्रह्मदेशाच्या कायद्याला दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागत असे, ही त्यातली चांगली तरतूद होती. सुधारणा दिसल्यावर २०१३ मध्ये आयातबंदी संपू दिली गेली. २०१७ मध्ये रोहिंग्यांचा संहार झाला आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता पुन्हा बळकावली. म्हणून कोणी म्हणेल, निर्बंध उठवण्याची वाट सोपी ठेवली त्याचेच हे फळ. माझे उत्तर असे की तिथे उठवण्याच्या वेळी अटींची यादीच बाजूला पडली होती. लष्कराला संसदेत एक चतुर्थांश जागा राखून देणारी २००८ ची राज्यघटना तशीच होती, आणि बाजारपेठ खुली होण्याची घाई सर्वांनाच झाली होती.

अशीच घाई दक्षिण आफ्रिकेतही झाली. १० जुलै १९९१ रोजी थोरल्या जॉर्ज बुश यांनी अटी पुऱ्या झाल्याचे सांगून निर्बंध उठवले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा विरोध होता; सर्व राजकीय कैदी सुटलेले नाहीत आणि कृष्णवर्णीयांना अजून मतदानाचा हक्क नाही, असे तिचे म्हणणे होते. मंडेलांनी वर्षभर आधी अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहून निर्बंध टिकवण्याची विनंती केली होती. कलम ३११ च्या शब्दांनुसार बुश यांचा निर्णय बसत होता. उणीव कलमातच होती. पारख करण्याचा अधिकार त्याने वॉशिंग्टनला दिला होता, जोहान्सबर्गला नाही. ही उणीव भरून काढली ती अमेरिकेतल्या शहरांनी आणि राज्यांनी. त्यांचे स्वतःचे निर्बंध होते, आणि त्यांपैकी अनेकांनी ते राष्ट्राध्यक्षांच्या सांगण्यावरून उठवले नाहीत. निवडणुकीची तयारी करणाऱ्या संक्रमण मंडळाचा कायदा झाल्यावर २४ सप्टेंबर १९९३ रोजी मंडेलांनी संयुक्त राष्ट्रांत स्वतः सांगितले की आता आर्थिक निर्बंध उठवावेत. त्यानंतर शहरांनी आणि राज्यांनी आपापले ठराव मागे घेतले, अमेरिकी काँग्रेसने नोव्हेंबरमध्ये उरलेल्या तरतुदी रद्द केल्या, आणि भारतानेही त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध जोडले.